राहिलेला वेल्डर

अण्णा,

मागच्या महिन्यात इथे कतारला, लुसैलच्या एका कॉफीच्या दुकानात तुमच्या लॅमिनेशनला चार-पाच देशांची माणसं पोट धरून हसली. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर म्हणाला असता, "हसू दे की. पावसात भिजल्याव कळंल त्यास्नी." इथे पाऊस पडतच नाही म्हटलं तरी चालेल, पण ते तुम्हाला कोण पटवून देणार? मेसईदला वेल्डिंग करण्यात उमेदीची वर्षं गेली, तरी तुमचा सगळा बंदोबस्त आपल्या घराच्या गळक्या पत्र्याच्या हिशेबानेच चालायचा.

मी आता इथेच असते, अण्णा. ज्या देशातून तुम्ही दोन वर्षांनी एकदा दोन बॅगा आणि एक घोंगडीएवढं ब्लँकेट घेऊन यायचात, त्याच देशात मी नवरा आणि पोरीबरोबर राहते. ऑफिस लुसैलला, फ्लॅट अल अझीझियाला. तुमची नात तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की आपण एकमेकींशी बोललो. वर्ल्ड कपच्या वेळी तिला फुटबॉलच्या स्टिकरांचं वेड लागलं. शुक्रवारी सकाळी त्या कॉफीच्या दुकानात मुलं स्टिकरांची अदलाबदल करायला जमायची आणि मी सोबत म्हणून जायचे. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर काही मोठी माणसं वेगळाच उद्योग करत बसलेली असत. जवळ जाऊन बघितलं तर बेसबॉलची कार्डं! पत्त्याएवढी, जाड कागदाची, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची बारीक अक्षरात कुंडली. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. स्टिकरांचं वेड वर्ल्ड कपबरोबर उतरलं, पोरगी मोठी झाली, मैत्रिणींत रमली. मी मात्र अजून दर शुक्रवारी त्या कोपऱ्यात असते. घरात मला 'पत्तेवाली' म्हणतात.

तुम्ही ती कार्डं आणलीत तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात बॅग उघडलेली, आत्या खजुराच्या डब्यावर डोळा ठेवून, मी साबणांचा वास घेत. तुम्ही शर्टाच्या आतल्या खिशातून एक पुडकं काढता आणि सगळ्यांना गप्प करता. "मेसईदच्या गोऱ्या सायबानं बक्षीस दिलंय. पाइपाचा जोड मारला, त्या जोडाचा एक्स-रे काढला, एक टिपका घावला न्हाई. सायेब म्हनला, असा वेल्डर म्या बघितला न्हाई, ही घे आमच्या देशाची टीम." आठ कार्डं. आठ अमेरिकन बाप्ये. आत्याने विचारलं, "ह्यांचं काय करायचं?" उत्तर म्हणून तुम्ही दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलीत.

तुमच्या लेखी जगात दोनच प्रकारचे कागद होते, लॅमिनेट केलेले आणि करायचे राहिलेले. रेशन कार्ड, आजोबांचा मृत्यूचा दाखला, माझी दहावीची मार्कशीट, भरलेलं लाइटबिल, आणि एकदा तर आत्याच्या लग्नाची पत्रिका हळदीच्या बोटासकट. कचेरीसमोरचा तो लॅमिनेशनवाला तुम्हाला लांबून बघूनच मशीन तापवायला घ्यायचा. माझी डिग्रीही तुम्ही सोडली नाहीत. कतारला नोकरी लागली तेव्हा ती घेऊन मी मुंबईला शिक्के मारून घ्यायला गेले, तर खिडकीतला माणूस ती टकटक वाजवून म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकवर शिक्का कसा उठणार?" दुसरी प्रत मिळवायला युनिव्हर्सिटीत जे खेटे घातले त्यात माझी एक चप्पल झिजली. तेव्हा तुम्ही नव्हतात, म्हणून वाचलात. मी रस्त्यात उभी राहून तुमच्यावर चिडले आणि मग तिथेच रडले, कारण चिडायला तरी तुम्ही हवे होतात.

त्या आठ जणांना तुम्ही लॅमिनेट करायच्या आधी, स्केच पेनने, प्रत्येकाच्या पायाशी मराठीत नावं घातली होती. इंग्रजी नावं तुमच्या जिभेला वळेनात. हात बांधून पोट पुढे काढलेला तो 'सरपंच'. मिशीवाला 'हवालदार'. हाडकुळा 'उपाशी'. मुसळासारखी बॅट खांद्यावर टाकून रुसलेला तो 'जावई'. आणि तुमचा सगळ्यात लाडका 'तंबाखू', डाव्या गालात एवढा बार भरलेला की फोटोतसुद्धा आता थुंकेल असं वाटावं. "आपल्याच भागातला वाटतोय," असं तुम्ही पारावर सगळ्यांना सांगायचात. खेळाचे नियम तुम्हाला साहेबाने सांगितले होते की तुम्ही रचले होते, हे मला आज सगळे खरे नियम पाठ असूनही ठरवता येत नाही. "ह्यात ओव्हर नसती. हात दुखंपातूर टाकायचं. आन् पळायचं ते गोल, बैल पळतुया तसं."

पण टीम नऊ जणांची असते, एवढं मात्र तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. नववा तुम्हीच शोधून काढलात. जावयाच्या कार्डातला फोटो सरावाचा आहे; त्याच्या पाठीमागे त्याच्याच टीमचा एक माणूस उकिडवा बसलेला अर्धामुर्धा दिसतो. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला कवच, हातात जाड मोजा. "आरं, ह्यो तर वेल्डर हाय!" तुम्ही इतक्या आनंदाने ओरडलात की आई स्वयंपाकघरातून पळत आली. त्याला कॅचर म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तुम्ही त्याची बसण्याची ढब करून दाखवलीत, तोंडावर हात आडवा धरून. "बग, आसंच बसतो आमी. गुडघं जात्यात, पर कुनाला दिसत न्हाई." त्या दिवसापासून तुम्हाला त्याचं कार्ड हवं होतं. साहेब तर केव्हाच अमेरिकेला गेला होता. तुम्ही साइटवर ज्याला त्याला विचारलंत, आणि प्रत्येक सुट्टीला तुम्ही आलात की मी आधी तोच प्रश्न विचारायचे, "वेल्डर मिळाला?" तुम्ही मान हलवायचात. शेवटी दवाखान्यात, छातीत पाणी झालेलं, बोलायला दम पुरत नाही, तरी मला म्हणालात, "आपला वेल्डर राहिला की गं." मी म्हणाले, मी आणते. अण्णा, तेव्हा मी वाट्टेल ते आणते म्हणाले असते.

तर मागच्या महिन्यात मी धीर करून तुमचे आठही गडी त्या टेबलावर मांडले. आधी तुम्हाला या लोकांच्या चालीरीती सांगते. ते कार्डाला बोट लावत नाहीत, कडेने धरतात. भिंगातून कोपरे बघतात, कारण कोपरा टोकदार असेल तरच कार्डाला मान. आणि तुमच्या माणसाने तर लॅमिनेशन करून चारी कोपरे, 'हाताला लागाय नगं' असं तुम्ही बजावल्यामुळे, कात्रीने गोल कापले होते, वर दोऱ्यासाठी भोक! एका जपानी बाईंनी तोंडावर रुमाल धरला. अमेरिकन शिक्षकाने डोळे मिटले. पांढऱ्या मिशांचे एक काका आहेत, व्हेनेझुएलाचे, तेलाच्या कामावर आयुष्य काढलेले. ते आधी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसत विचारलं, "हे खाली काय लिहिलंय?" मी एकेक नाव इंग्रजीत सांगत गेले. जावई कसा असतो हे समजावायला वेळ लागला, पण समजल्यावर ते म्हणाले, माझ्याकडेही असाच एक आहे. तंबाखूचं नाव ऐकून तर त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि ठेवेचनात.

पुढच्या शुक्रवारी ते एक कार्ड घेऊन आले. कडक पारदर्शक डबीत, कोपरे सुईसारखे. त्याच वर्षाचं, त्याच टीमचं. उकिडवा बसलेला, मुखवटा घातलेला. तुमचा वेल्डर, अण्णा. काका म्हणाले, "मी आता कतार सोडून कायमचा मुलीकडे चाललोय, स्पेनला. हा तुम्ही घ्या, आणि मला तो तंबाखूवाला द्या. असं कार्ड जगात दुसरं नाही." आता बघा माझी पंचाईत. नऊ पुरे करायचे तर एक द्यायचा, म्हणजे पुन्हा आठच. आणि द्यायचा कोण, तर तुमचा तंबाखू! मी नाही म्हणाले. काका म्हणाले, विचार करा, अजून दोन शुक्रवार आहेत.

मी इतका विचार केला की दोनदा भाताला मीठ विसरले. नवरा म्हणाला, "देऊन टाक की. आधी रंगीत झेरॉक्स काढून ठेव." पोरगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो नॉट द पॉइंट," आणि त्या वाक्यासाठी तिचे मागचे बरेच गुन्हे मी माफ केले. शेवटी आईला फोन लावला. म्हटलं, अण्णांच्या बक्षिसातलं एक कार्ड द्यावं लागेल असं दिसतंय. तर पलीकडून आई फिस्सकन हसली.

"कसलं बक्षीस आन् कसलं काय! माजी शेंगदाण्याची चटणी गेली हुती त्यात. बरनीच्या बरनी. त्यो गोरा पावाला लावून खायचा, बोटं चाटायचा. जाताना बरनी मागितली, आन् तुज्या अण्णानं त्याच्याकडनं ही चित्रं घेतली."

"आणि एक्स-रे? एक टिपका नाही घावला ते?"

"जोड चांगला मारला आसंल की. पर त्याचं कोन बक्षीस देतंय?"

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चारचौघात त्यांची मान कशाला खाली घालू? सांगताना किती खुशीत असायचे. सांगू दे म्हटलं."

सापडलात, अण्णा! पारावर, आत्यासमोर, माझ्या शाळेत गुरुजींसमोर, सगळीकडे तो एक्स-रे फिरवलात, आणि खरं बक्षीस उखळाशी घाम गाळत बसलेलं. मी फोन ठेवून एकटीच हसत सुटले. मग मी मिक्सर बाजूला सारला, शेजारच्या नाशिकच्या वहिनींकडून खलबत्ता आणला आणि शेंगदाणे, लसूण, तिखट घेऊन आईला व्हिडिओ कॉलवर समोर बसवलं. "बारीक नगं, भरड," ती तिकडून ओरडत होती. खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन विचारून गेला की काही तोडफोड चालली आहे का.

शुक्रवारी मी बरणी टेबलावर ठेवली. काकांना सगळं सांगितलं, साहेबाचं, बरणीचं, एक्स-रेचं. त्यांनी समोरचं क्रोइसाँ फाडलं, त्यात चटणी भरली आणि तोंडात टाकली. त्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, मला वाटलं आता पुन्हा पाणी आणावं लागणार. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. जपानी बाईंनी बोट बुडवून बघितलं, कार्डाला कधी न लागणारं ते बोट. बरणी अर्धी झाल्यावर काकांनी झाकण घट्ट लावलं, बरणी स्वतःच्या पिशवीत टाकली आणि वेल्डरची डबी माझ्याकडे सरकवली. "खलास," ते इथल्या अरबीत म्हणाले, म्हणजे मिटलं. "तुमच्या वडिलांनी सौदा स्वस्तात केला होता. फक्त एक करा, याला नीट जपा." मी म्हणाले, जपते. तंबाखू त्यांनी परत माझ्या हातात दिला, पण आधी त्याला एक सलाम ठोकला.

तर तुमची टीम पुरी झाली, अण्णा. हे सांगायलाच लिहायला बसले. पाठवायचं कुठे हा प्रश्नच आहे. गावच्या पत्त्यावर टाकलं तर आई उघडेल आणि एक्स-रेवरून तुमची उरलेली अब्रूही जाईल. हे कार्डांच्या फाइलमध्येच राहू दे. मला तुमची फार आठवण येते, विशेषतः शुक्रवारी घरी येऊन 'आज काय मिळालं' हे ऐकायला उत्सुक असलेलं कुणी नसतं तेव्हा.

एक मात्र कबूल करते. त्या टेबलावर मी नव्या लोकांना नेहमी बजावते की कार्ड डबीतून काढू नका, हात लावू नका, त्यावर काही लिहू नका. आणि त्या दिवशी घरी येताना मी अझीझियातल्या, फॉर्म भरून देणाऱ्या, टायपिंगच्या दुकानात शिरले. वेल्डरला डबीतून काढलं, स्केच पेन मागितलं आणि त्याच्या पायाशी लिहिलं, 'वेल्डर'. अक्षर तुमच्यासारखं आलं नाही. दुकानातला केरळी भाऊ कार्डाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. "मॅडम, पक्का? लॅमिनेशन के बाद वापस नहीं निकलेगा." म्हटलं, पक्का. मशीनमधून तो गरमागरम बाहेर आला, चकचकीत, आता कुठल्याही पावसाला दाद न देणारा. भावाने कात्री उचलली आणि विचारलं, "कॉर्नर गोल करूं?"

"करो," मी म्हणाले. "हाथ को लगना नहीं चाहिए."