मंडईचं बोलावणं

लाखनी,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. साधना हिला,
ललिताताईचे अनेक आशीर्वाद.

'सौ.' हाताने आपोआप लिहिलं गं. खोडायला गेले तर पेन सरकेना, म्हणून राहू दिलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

आम्ही इकडे बरे आहोत. लवकर येणारा हलका धान कापायला आला, भारी अजून उभा आहे. तुडतुड्याने थोडं खाल्लं, पण रडण्यासारखं नाही. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. सूनबाई रिता म्हणते, "आई, पत्र कोण लिहिते आता? बोलून पाठवा नं." म्हटलं, बाई, जन्मभर मास्तरकी केली, फळ्यावर लिहिल्याशिवाय माझं मलेच पटत नाही. तर मी लिहिते आणि ती फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकेल.

तुझा निरोप पोचला. तिकडे अमेरिकेत कोर्टातले लोक घनश्यामच्या आठवणीत सभा घेताहेत आणि बहिणीचे, म्हणजे माझे, चार शब्द तुमची लेक टीना इंग्रजीत करून वाचणार आहे. त्याने किती लोकांना भाड्याच्या घरातून हाकललं जाण्यापासून वाचवलं, ते तिथले लोक सांगतीलच. जूनमध्ये त्याचा अंत्यविधी आम्ही रिताच्या मोबाईलवर पाहिला, तेव्हा एक म्हातारा हातात टोपी धरून शेवटपर्यंत उभा होता. कोण गं तो? त्याच्या भाषेतलं मला काही कळलं नाही, पण आमच्यातल्या कोणाहीपेक्षा तो जास्त रडला.

मी आपली बकरीची गोष्ट सांगते. शेजारच्या कुंताबाईची बकरी आमच्या काकाच्या पऱ्ह्यात, धानाच्या कोवळ्या रोपांत, शिरली आणि काकाने ती कोंडवाड्यात घातली. कुंताबाई बिचारी पदर तोंडाला लावून बसली. घनश्याम तेव्हा चौथीत. गेला थेट कोंडवाड्यावर आणि म्हणाला, "कुंपण मोडलं होतं ते कोणाचं? मंग बकरीले कायले कोंडलं?" बकरी सुटली आणि याला काकाची एक सणसणीत थापड मिळाली. ती त्याची पहिली केस. फीसुद्धा रोख मिळाली! टीनाला सांग, सभेत हेच वाच.

पुढे भंडाऱ्याच्या कोर्टात काळा कोट घातला, मग अमेरिकेला गेला. तिथल्या वकिलीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, हॉटेलात भांडी घासली, हे त्याने आईला कधी कळू दिलं नाही, मला मात्र हसत हसत सांगितलं. गावाला आला की आपल्या गावचा भैय्यालाल त्याला पिडायचा, "अमेरिकेत वकील हायेस अन् सरकारी पगारावर गरिबायच्या केशी लढतेस? मंग तिकडं गेलास कायले?" हा म्हणे, "दादा, तिकडं बी गरीब लोक रायतेत." भैय्यालालला काही ते पटलं नाही. त्याच्या मते आपला माणूस वाया गेला.

टीनाच्या वेण्या तोच घालायचा ना? ती कला तो माझ्या डोक्यावर शिकला. आई आजारी होती त्या वर्षी शाळेत जाताना माझ्या वेण्या तोच घालायचा, एक वर, एक खाली. पोरी हसायच्या. मी त्याला शिव्या द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यापुढे जाऊन बसायचे. साधना, फार आठवण येते गं. लाखोळीच्या डाळीचं वरण चुलीवर चढवलं की फोन करायचा, "ताई, शिजून नाही राहिली, काय करू?" त्या वरणाचं आता मला नावही नको वाटतं.

एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं. पण नाही थांबवत.

तू लाखांदूरची, तुला मंडई काय सांगायची! टीनासाठी लिहिते. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. उंच काठीच्या सजवलेल्या ढाली नाचतात, दंडारीत नाचगाणं होतं, शिंगाड्यांचे ढीग लागतात, रात्री नाटक. आणि सगळ्या लेकी माहेरी येतात. पण लेक आपल्या मनाने जात नाही. भावाचं बोलावणं यावं लागतं.

घनश्यामने एक वर्ष चुकवलं नाही. भाऊबीजेला फोन यायचाच, "ताई, आंधळगावची मंडई आहे. येजो बरं." मी म्हणायची, "बोलावणारा सात समुद्रापार, अन् मी येऊ कोणाकडे?" तर म्हणे, "आपल्या घरी. मी नाही म्हणून घर दुसऱ्याचं झालं का?" मग मी भांडायची. लोकांची घरं वाचवत फिरतोस, मंडईला येऊन स्वतःच्या घराचं कुलूप कधी काढशील? तो हळूच म्हणायचा, "पुढच्या वर्षी पक्का." आणि मी मुकाट्याने भंडाऱ्याला गाडी बदलून आंधळगावला जायची, चुलतभाऊ पुंडलिकरावाकडून किल्ली घ्यायची, अंगण झाडायची, दोन दिवस राहायची. भावाने बोलावलं होतं ना, मग!

काल भाऊबीज झाली. दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसले होते. वेडी नाही मी, मला कळतं. तरी बसले. संध्याकाळी रिताने ताट आणून दिलं, "आई, चंद्राले ओवाळा." ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मी ताट तसंच परत केलं.

पुंडलिकराव सकाळीच मोटारसायकलवर येऊन गेला होता, चांगला आग्रह करत होता. मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे काही एवढे वाईट नाहीत. जूनमध्ये दुःखाला बसलो होतो तेव्हा मनकर्णाकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ गेला, भाचा नाही. लल्लीचं माहेर सरलं आता." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी, जी शाळा तपासायला आलेल्या साहेबाला दरडावायची! तेव्हापासून ते वाक्य घशात काटा अडकावा तसं अडकलंय. पुंडलिकराव जीव लावतो, पण त्याच्या बोलावण्याने गेले तर मी त्याच्याकडे पाहुणी म्हणून जाईन. काकूचं म्हणणं खरं करून येईन.

मागच्या खेपेला गावी आला तेव्हा याच काकूपुढे घनश्याम म्हणाला होता, "काकी, पोरगा अन् पोरगी, दोघायचा हक्क सारखाच." काकूने नाक मुरडलं होतं. ते मला आता आठवतंय आणि मी त्यावर अडून बसणार आहे.

मंडई परवा, रविवारी आहे. टीनाला म्हणावं, उद्या मला फोन कर आणि बोलाव. मराठी अडखळलं तरी चालेल, मध्ये इंग्रजी आलं तरी चालेल. तू मागून सांगत बसू नकोस, तिचं तिला बोलू दे. बोलावणाऱ्याने घरी हजर असलंच पाहिजे, असा नियम आमच्यात कधी नव्हताच. दुःखाचं वर्ष आहे, मला नाटक नको की गोडधोड नको. नुसतं कुलूप काढून ओसरीवर बसेन. काकू येईलच चौकशीला, "कोणं बोलावलं?" म्हणून. तिला मोठ्याने सांगेन, माझ्या भाचीनं.

ती कामात असेल, जमलं नाही तर माझा राग नाही. खोटं कशाला लिहू? राग येईल. खूप येईल.

तुम्हा दोघींची वाट पाहणारी,
ललिता,
आंधळगावची