वेताखालचा मोको

गाव, ४ ऑगस्ट १९८६

चि. ओर्पास, दादाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडून मी मुकाट्याने निघालो, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. पण ओबेतच्या घरच्यांनी तुझ्या दोर्सिनाच्या देजात आणलेला मोको ढोल मला पटलेला नाही. जुन्या काशाच्या ढोलाला नुसती टिचकी मारली तरी तो घुमत राहतो. हा टण् करतो आणि गप्प बसतो. पितळ आहे ते, जावाच्या बाजारातलं! शिवाय धरायच्या एका कानाला वेत कशाला गुंडाळलाय? झाकली मूठ सव्वा लाखाची!

मामाच्या होकाराशिवाय लग्न नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मोको परत पाठव. तुझी वहिनी म्हणते, मला मेजवानीच्या भातातही खडेच दिसतात. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. मका बरा आलाय.

दोर्सिनाला गोड पापा.

तुझा,
मार्थेनदादा


कलाबाही, ११ ऑगस्ट

ती. स्व. दादास ओर्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून दोर्सिना धड जेवत नाही. मोको परत पाठवणं म्हणजे लग्न मोडणंच. पण तुझा संशय मलाही चावला. ओबेतची आजी सुपारी चघळत हसली तरी मला त्यात लबाडी दिसायला लागली. शेवटी काल मी वेत सोडला.

दादा, वेताखालचा कान मोडका आहे, तांब्याच्या वाकड्या खिळ्याने जोडलेला. लहानपणी तू आपल्या घरच्या मोकोवर चढून पपई काढायला गेलास आणि कान तुटला, तेव्हा बाबांनी ठोकलेला तोच खिळा! आजीला विचारलं तर म्हणाली, तिची लेक सेल्फिनावहिनीच्या भावाला दिली, तेव्हा वहिनीच्या वडिलांनी देजात हाच मोको दिला. म्हणजे तुझ्या लग्नात आपण त्यांना दिलेला! बाबा तो कुणाला वाजवू देत नसत, पूर्वज जागे होतील म्हणत. पूर्वज कसले, खोटा आवाज ऐकून शेजारी जागे झाले असते.

आता काय करू? वहिनीला यातलं काही सांगू नकोस. तिची आपल्यावर माया आहे, ती राहू दे.

तुझी,
ओर्पा


गाव, १७ ऑगस्ट

चि. ओर्पास अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणतेस, पण मी पत्र नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचत होतो. खिळ्याचं वाचून गेलो आणि मग कळलं, काय वाचलं ते. सेल्फिना कॉफी भाजत होती. मला वाटलं, आता कढई डोक्यात बसणार. ती बिया हलवत राहिली. मग म्हणाली की, आमच्या लग्नात तिच्या वडिलांना पहिल्या टिचकीलाच कळलं होतं, हे पितळ आहे. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, आवाज चांगला आहे.

एवढा संसार झाला, ती माझ्या कानांच्या बढाया ऐकत आली आणि अवाक्षर बोलली नाही. मला फार लाज वाटली गं. वर तिने विचारलं, टिचकी मारताना मी दोर्सिनाच्या तोंडाकडे पाहिलं होतं का.

नव्हतं पाहिलं. शनिवारी आम्ही दोघं येतोय. वेत होता तसा गुंडाळून ठेव, ओबेतच्या आजीला पुढे बसव आणि पोरीला पोटभर जेवू घाल. मोको मी वाजवणार. आवाज चांगला आहे, हेही मीच सांगणार.

तुझ्या वहिनीचे आशीर्वाद, आणि माझे, चालत असतील तर.

मार्थेनदादा