काही वाटेनासं झालं

ता. ११ जानेवारी १९३७, धानोरा

आज कौसावर ओरडलो, भाकरी गार म्हणून. भाकरी गरम होती! वाफ दिसत होती. बायको बिचारीने दुसरी टाकली. शाळेतही तेच. पोरांच्या गलबल्याने डोकं भणाणतं. पंधरा वर्षं मास्तरकी केली, असं कधी नव्हतं.

ता. १९ जानेवारी

झोप नाही. भूक नाही. हेडमास्तर म्हणाले, ‘पित्त असेल.’

ता. २ फेब्रुवारी

किशनलाल शेटच्या दुकानापुढे गाडीचा बैल घसरून पडला. लगेच उठलाही. मी मात्र भर बाजारात रडायला लागलो! किशनलाल म्हणाला, ‘मास्तर, बैल तुमचा होता का?’

ता. २० फेब्रुवारी

भावाचं पत्र. आई गेली. पत्र पोचलं तेव्हा दहावा उलटून गेला होता. दोनदा वाचलं. कौसा रडली — माझ्या आईसाठी. मी नुसता तिच्याकडे बघत बसलो. बैलासाठी रडलो आणि आईसाठी नाही! मी कसला माणूस?

ता. ७ मार्च

लिहायला काही नाही.

ता. १४ मार्च

हे लिहिलंच पाहिजे. दुपारी फुली गोवऱ्यांपाशी खेळत होती. किंकाळी आली. सहा वर्षांची माझी मुलगी — पायाला विंचू! मी ओट्यावर, दहा पावलांवर. उठलो. आणि उभाच राहिलो. पोरीचे ओठ पांढरे पडताना पाहत राहिलो. कौसा चुलीपासून धावत आली. ‘पोरगीले इच्चू चावना, आनि तुम्ही उभाच!’ तिला उचलून ती रमीबाईकडे पळाली — विंचवाचं औषध तीच देते. मी मागून चालत गेलो. चालत!

फुली वाचली. मला ना भीती वाटली, ना आनंद.

ता. १६ मार्च

माझ्यावाचून या दोघी बऱ्या राहतील. हा विचार आता रोज येतो. त्याचा त्रासही होत नाही.

ता. १८ मार्च

शाळा सुटल्यावर घरी वळलो नाही. गुजरातच्या वाटेला लागलो. कुठे, माहीत नव्हतं. परतायचं नाही, एवढं नक्की. ओढा ओलांडला तर मागे पाऊल वाजलं. कौसा! कडेवर फुली. शाळेच्या दारापासून मागे होती म्हणे. ओरडेल वाटलं. ‘कोठे?’ एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, ‘मला काहीच वाटत नाही गं. फुलीसाठीसुद्धा नाही.’

तिने फुलीला माझ्या हातात दिलं. ‘माले ठाऊक शे. घर चाला.’

ता. १९ मार्च

विचारलं, ‘तुला कसं ठाऊक?’ ती पीठ मळत होती. मान वर केली नाही. ‘फुली व्हयनी, त्यानंतर मन्हंबी असंच व्हतं. दोन वरीस. पोरगी रडे, माले काहीच वाटे नही. तुमले समजनंच नही.’

याच घरात होतो मी. दोन वर्षं.

लाज वाटली.

वाटली!