निर्मलानं घातलेली चूल

५ जाने. ८६, रविवार
गृहविज्ञानाच्या मॅडमनी अर्धवेळ कामाला आम्हा दोघींना घेतलं. मी आणि माझ्याच वर्गातली निर्मला खंदारे. सुट्टीच्या दिवशी खेड्यात जायचं, बिनधुराच्या चुली घालून द्यायच्या, बायांचे डोळे-खोकला विचारायचं. वालूरला घरी कळवायचंय. बाबा म्हणणार, चुलीसाठीच विद्यापीठात घातलं का तुला.

१२ जाने., रविवार
चारठाण्याजवळच्या गावात गेलो. मी कागदावरचे प्रश्न वाचत होते, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. केशरकाकूंच्या घरी निर्मला सरळ चुलीपुढं बसली, फुंकणी घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "काकू, तुमी कशा ओ बसता इथं रोज?" झालं. काकू बोलायला लागल्या, सून मीरासुद्धा. मीराचं लेकरू तान्हं, धुरात तिच्या मांडीवरच असतं. सारखं खोकतं.
मला असं कधी जमणार?

१९ जाने., रविवार
काकूंकडं नवी चूल घातली. माती, शेण, भुसा सगळं निर्मलानंच मळलं. मी धूर बाहेर न्यायची, झडप असलेली नळी धरून उभी. छपराबाहेर काढताना काजळीनं दोघी काळ्याभोर.
निघताना काकूंनी विचारलं, "पोरी, तू कुण्या घरची गं?"
"खंदारे. आमी बुद्धवाड्यातले, काकू."
काकूंचा चेहराच उतरला. "आदी सांगाया पायजे होतं."
"तुमी आदी इचारलंच न्हाई. चूल वाळू द्या. पेटवायची का न्हाई ते तुमी ठरवा. पर लेकराला खोकला लय हाय."
आवाज जरासुद्धा चढला नाही तिचा.
रस्त्यात मी म्हटलं, नुसतं परभणीची म्हणायचं. ती म्हणाली, "नामांतरात तिकडच्या विद्यापीठाला एक नाव द्या म्हणलं, तर आमच्या लोकांची घरं जळाली. आन् मी माझंच नाव लपवू?"


२० जाने.
मॅडमना सांगितलं. त्या निर्मलाला म्हणाल्या, दुसरं गाव देते. ती नको म्हणाली. नवी चूल वाळताना भेगा पडतात, लिंपाव्या लागतात.
"मग मी येते बरोबर."
"नका येऊ मॅडम. तुमी असल्यावर त्या पेटवतील. तुमी गेल्यावर विझवतील."
मॅडमनी मग आम्हा दोघींनाच जा म्हटलं.

२ फेब्रु., रविवार
मागच्या रविवारी झेंडावंदन, जाता आलं नाही. आज गेलो.
चूल जागेवर होती, फोडलेली नव्हती. पण काजळीचा ठिपका नाही. जुनीच पेटलेली, घर धुरानं भरलेलं. काकू तूर निवडत होत्या, मान वर केली नाही.
निर्मला उंबऱ्याबाहेर थांबली. "काकू, भेग पडलीय. लिंपायला आत येऊ का?"
लेकरू खोकलं. काकू सुपातले खडे वेचत राहिल्या. मला वाटलं, आता निघावं.
"पाणी तिकडं हाय, रांजणात," काकू म्हणाल्या.
निर्मलानं स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. भेग लिंपली. चहा कुणी विचारला नाही. आम्हीही थांबलो नाही.
वेशीपर्यंत पोचतोय तर मागून मीरा, लेकरू कडेवर घेऊन. तिच्यामागं, जरा अंतरानं, काकू.
मीरानं हळूच विचारलं, "ताई, पेटवायच्या आदी नळीची झडप उघडायची का झाकायची?"
"उघडायची," निर्मला म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं, मागं ऐकू जाईल असं.
काकूंनी ऐकलं. नको म्हणाल्या नाहीत.