उन्हाळघर म्हणजे नेमकं काय

ती. ताईस,

सा. न. तुझी कंबर कशी आहे आणि भाऊजींचा खोकला काय म्हणतो, ते सविस्तर कळव. (रीत म्हणून विचारत नाही, इथे माझ्याशी बोलायला कुणी उरलेलं नाही.)

तू विचारलं होतंस, मागच्या अंगणात बांधलंस ते उन्हाळघर म्हणजे नेमकं काय? अगं, हेच सुताराने विचारलं आणि तिथेच माझं नशीब फुटलं. तीस वर्षं कचेरीत नियमांचे मसुदे केलेला माणूस मी, व्याख्याच लिहून दिली: 'घरापासून वेगळी, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी, केवळ बसण्यासाठी केलेली जागा.' (दोन प्रती, शिक्क्यासह. शिक्का निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात राहिला होता.) पठ्ठ्या अगदी तसंच बांधून गेला. खिडक्यांना झडपा नाहीत, दाराला कडी नाही आणि बाक एवढाच की आडवं झालं तर पाय अंगणात. भांडायला गेलो, तर त्याने माझाच कागद माझ्यापुढे धरला. उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापला की आत बसायला फक्त मांजर धजावलं, तेही एकदाच.

मग सासूबाई आल्या, गुडघ्याच्या उपचाराला, दोन आठवड्यांसाठी. आता सातवा महिना चालू आहे. (गुडघा केव्हाच बरा झाला, जिना धडाधड चढतात.) जन्मभर मेट्रन होत्या, त्यामुळे घराचा वॉर्ड व्हायला तीन दिवस पुरले. सकाळी सहाला सगळे उठतात, चादरीचे कोपरे तपासले जातात, तुझ्या भावजयीच्या आमटीभाजीवर रोज शेरा मिळतो. माझ्या खोलीत हवा चांगली, म्हणून ती त्यांनी घेतली. जावईबापूंचं तर स्वतंत्र घरच आहे, म्हणाल्या. मी आशेने तुझ्या भावजयीकडे पाहिलं. तिने मुकाट्याने माझी उशी उचलली आणि मागच्या दाराने चालू लागली. छत्तीस वर्षांचा संसार, ताई, आणि उशीसकट बाहेर. मला फार लागलं ते.

तेव्हा या कडाक्याच्या थंडीत मी दोन-दोन मोजे चढवून, गुडघे पोटाशी घेऊन माझ्या व्याख्येत राहतो. वारा चारही बाजूंनी खेळतो, ठरल्याप्रमाणे. बाकी क्षेम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुमची माडीवरची खोली रिकामीच असते ना? मला खायला थोडं लागतं आणि मी मसुदे करणं सोडलंय.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तुझी भावजय आली. मला बाकावर सरकवून बसली आणि पत्र पहिल्यापासून वाचलं. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. पत्राची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाली, "वन्संना लिहा, दोघांची सोय होते का. आणि आईला सांगू नका."