कावळा दोनदा शिवला

९ फेब्रुवारी १९५५, मुलुंड

कावळा शिवला! देवा, किती बरं वाटलं! चार दिवस चूल नाही, भाकऱ्या नाहीत. मागच्या पडवीत चटई, तांब्या आणि मी. आणि माझं इंग्रजी! दोनदा मॅट्रिकला त्यानेच घात केला. सासूबाईंनी बजावलंय — "ही शेवटची खेप. मग पुस्तकं रद्दीत."

पुस्तक बघून म्हणाल्या, "शिवलीस का ते?" हे लगेच, "आई, इंग्रजीला सोवळं नसतं." मी तोंडात पदर कोंबला.

१० फेब्रुवारी

ऑफिसला जाताना ह्यांनी दारातून, चार हात लांबून शिकवलं. 'सी' म्हणजे दिसणं, 'लुक' म्हणजे मुद्दाम बघणं. डोळे उघडे असले की 'सी' आपोआप होतं, 'लुक' करावं लागतं. "उदाहरण दे." म्हटलं, मोरीत घूस दिसली, ते सी. मांजर दुधाकडे बघतंय, ते लुक. "झकास!"

"आणि तुम्ही मघापासून माझ्याकडे?"

"उशीर होतोय," म्हणाले आणि पळालेच!

१३ फेब्रुवारी

न्हाले. परत चूल. पुस्तक फडताळात.

२२ फेब्रुवारी

परीक्षा चौदा मार्चला. इतक्या दिवसांत पुस्तक उघडलं नाही — पापड, पाहुणे, पुन्हा पाहुणे. आज सकाळी तोंडातून निघून गेलं, "आई, मी बाहेर बसले." साफ खोटं! पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा! त्यांनी तांदूळ निवडता निवडता नुसतं "बरं" म्हटलं.

२३ फेब्रुवारी

वाट लागली!

सी-लुकची वाक्यं घोकत होते. दूध उतू गेल्याचा वास आला. काही सुचलं नाही — धावले, थेट स्वयंपाकघरात, पदराने पातेलं उतरवलं. वळले तर दारात सासूबाई, हातात फुलांची परडी. मी अजून पातेलं धरूनच उभी! त्या परडी घेऊन देवघरात गेल्या. पातेलं ठेवलं आणि चटईवर येऊन बसले. आता दूध मोरीत आणि मी माहेरी, दुसरं काय!

थोड्या वेळाने कपबशी वाजली. त्याच दुधाचा चहा करून भुरके मारत होत्या! दुसरा कप लांबून माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, आईंना दिसलं नसेल का हो? हे पोट धरून हसले. "आईला? अगं, सी कसलं, लुक!"

२६ फेब्रुवारी

न्हाले. सासूबाईंनी दुधाचा विषय अजून काढलेला नाही. वांगी चिरताना चोरून त्यांच्याकडे बघत होते. तीन वर्षं रोज दिसतायत — बघितलं आज. गालाला खळी पडते त्यांच्या! एकट्याच कशाला हसत होत्या, कोण जाणे.

२ मार्च

भाकऱ्या थापायला गेले तर परात सासूबाईंपुढे. पडवीत चटई अंथरलेली, तांब्या भरलेला, वर इंग्रजीचं पुस्तक.

"पण आई, मी काही..."

"माहीत आहे मला. परीक्षेपर्यंत तिथेच बसायचं. आणि अनू, लबाडी करायची तर नीट करावी गं! दूध उतू गेलं तरी उठायचं नाही!"