रानडुकराचं हजेरीबुक

३ मार्च
रानडुक्कर कायद्याने कोणाचं असतं? मला माहीत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट असून माहीत नाही. काल संध्याकाळी ते आमच्या पाहुण्यांच्या खोल्यांमागे आलं आणि तिथे उतरलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची मांडी फाडून गेलं. सोळा टाके. बाबा हॉस्पिटलच्या फेऱ्या घालतायत. मी म्हटलं, मी आहे ना.

संकल्प: रोज एक कलम पाठ.

५ मार्च
सापडलं! रानातलं जनावर मोकळं फिरतं, जमीनमालक जबाबदार नाही. सुटलो! बाबांनी विचारलं, आपण सुटलो, बाईंचं काय? बाबांना मुद्देसूद विचाराची सवय नाही.
कलम राहिलं. उद्या दोन.

८ मार्च, सकाळी ११
बाईंच्या मुलाची नोटीस. खोल्या कायमच्या बंद करा म्हणतो. या चार खोल्यांवर घर चालतं, धाकटीचं कॉलेजसुद्धा.
वकीलकाका आले. विचारलं, डुकराला तिथे यायची कुणी सवय लावली होती का? मी अभिमानाने रजिस्टर पुढे ठेवलं. पाहुण्यांना डुक्कर दिसावं म्हणून मी वर्षभर संध्याकाळी सहाला भाजीची सालं टाकते, त्याच्या नोंदी. तारीख, वेळ, किती बादल्या. फेब्रुवारीत हजेरी सव्वीस दिवस.
काकांनी पाणी मागितलं. मग आणखी एक ग्लास. म्हणाले, पोरी, हे रानडुक्कर कसलं, हे तर तुमचं खानावळीतलं गिऱ्हाईक!
आई म्हणाली, मी कधीची ओरडतेय, पण शिकलेल्यांपुढे आमचं कोण ऐकतं.

९ मार्च
काकांचा सल्ला: ते बाड चुलीत घाला. मी म्हटलं, तत्त्वात बसत नाही. आई म्हणाली, तत्त्वं तुझी, खोल्या आमच्या. काडेपेटी तिच्या पदराला बांधलेली आहे.
रजिस्टर उशीखाली. आपल्या बाजूचं काहीतरी त्यात असणारच. नीट वाचायला हवं.

१० मार्च
वाचलं. २ मार्चच्या रकान्यात माझंच अक्षर: 'बादली राहिली. बोर्ड रंगवत होते.'
बोर्डावर लिहीत होते: रानडुकरांपासून सावध राहा.
डुक्कर बादली शोधत मागच्या व्हरांड्यात आलं. बाई तिथे चहा पीत बसल्या होत्या.

११ मार्च, संध्याकाळी ६
आई दुपारपासून रजिस्टर शोधते आहे. गाद्यासुद्धा उलथून झाल्या. बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि गाद्या परत घालायला लागले. मागे डुक्कर वेळेवर हजर.
सकाळीच हॉस्पिटलमध्ये जाऊन मी रजिस्टर बाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या पानापर्यंत वाचलं. म्हणाल्या, अक्षर छान आहे गं. मग मुलाला हाक मारली.